नवऱ्याचा चेहरा रंगवताना

वर्षातून एक संध्याकाळ अशी येते, की माझा नवरा माझ्यापेक्षा सुंदर दिसतो. ते मला सहन होत नाही. नवी नवरी होते तेव्हा होत नव्हतं आणि आता मुलं संगमनेरला कॉलेजात गेली तरी होत नाही. मी हे सांगितलं की बायका हसतात, त्यांना वाटतं मी गंमत करते. मी अजिबात गंमत करत नाही.

आमचं गाव राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. चैत्रात जत्रा भरते आणि जत्रेत सोंगं निघतात. कुणी गणपती, कुणी वाघ, कुणी राक्षस. एकेक सोंग एकेका घराकडं पूर्वीपासून ठरलेलं. सगळ्यांना लाकडी मुखवटे आहेत, ते वर्षभर देवळाच्या माळ्यावर कापडात बांधून ठेवलेले असतात. मुखवटा नाही तो फक्त देवीला. देवीचा चेहरा जित्या माणसाच्या तोंडावर रंगवायचा, अशी आमच्या गावची रीत आहे. आणि देवीचं सोंग आमच्या घराकडं. पूर्वी सासरे घ्यायचे, आता नवरा घेतो. एरवी तो शाळेत मास्तर आहे. पोरांकडून पाढे म्हणून घेतो, ग्रामसभेत भांडतो, घरी आला की बनियनवर फिरतो. लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणतेय, तोंडावर ‘अहो’च म्हणते. त्यानं आयुष्यात कधी मिशी ठेवलेली नाही, आणि का ठेवली नाही हे नव्या माणसाला जत्रा बघितल्याशिवाय कळत नाही.

इथवर मी खपवूनही घेतलं असतं. पण रीत इथं थांबत नाही. दिवस मावळायच्या आत देवी देवळापुढच्या चौथऱ्यावर येऊन बसते आणि गावातल्या सवाष्णी तिची ओटी भरतात. पहिली ओटी देवीच्या घरच्या सुनेची. म्हणजे माझी. मी माझ्याच नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावायचं, त्याच्या पदरात खण-नारळ घालायचा आणि सगळ्या गावासमोर त्याच्या पायावर डोकं ठेवायचं. त्यानंतर बाकीच्या बायका रांगेनं येणार, त्याच्या तोंडाकडं बघत राहणार आणि एकमेकींना म्हणणार, “किती साजरी दिसती गं औंदा!” घरी आलं की सासूबाई मीठ-मिरच्या उतरवून त्याची दृष्ट काढणार. माझी दृष्ट कुणी काढल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि ज्या चेहऱ्यावर माझा एवढा जळफळाट होतो, तो चेहरा रंगवते कोण? मीच. गावात पार्लरवाली मी एकटी.

मी मूळची खालच्या अंगाची, साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. लग्नाआधी श्रीरामपूरला ब्युटी पार्लरचा कोर्स केला होता. इथं आल्यावर राजूरच्या बाजारपेठेत स्टँडच्या मागं एक गाळा घेतला, दोन आरसे लावले आणि दारावर पडदा टाकला. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका येतात. कुणी भुवया कोरून घेते, कुणी नुसतीच पंख्याखाली बसून जाते. शिक्षिका येतात, अंगणवाडीच्या ताई येतात, बँकेतली एक मुलगी येते. त्यांना शिकवता शिकवता मला रोजच्या मेकअपचं मर्म कळलं. आमच्या भागात रोजचा मेकअप चांगला कोणता, तर जो सासूला कळत नाही तो. पावडर दिसली की लगेच प्रश्न येतो, “कुठं निघालीस?” म्हणून क्रीम बोटाच्या टोकानं टिपायचं, चोळायचं नाही. रंग जबड्याच्या कडेला लावून उजेडात बघायचा, मानेशी जुळतो का ते. काजळ आतल्या आत. लिपस्टिक लावून कागदावर टेकवायची आणि राहील तेवढीच ठेवायची. बाई नुसती झोप पूर्ण झाल्यासारखी दिसली पाहिजे.

नवरीचा मेकअप हे वेगळंच प्रकरण असतं. तिला मांडवातले शेवटच्या खुर्चीवरचे पाहुणे बघणार, व्हिडिओवाला नाकापर्यंत कॅमेरा आणणार, आणि नणंद हातभर अंतरावरून डोळे बारीक करून तपासणार. तिघांनाही पटेल असा चेहरा करायचा म्हणजे डोक्याला ताप. तरी तो मला जमतो. आतापर्यंत एकही नवरी माझ्याकडून रडत गेलेली नाही. मांडवात गेल्यावर रडल्या असतील, तो त्यांचा प्रश्न.

पण देवीचा चेहरा मला पहिल्या वर्षी साफ फसला. सासरे तोवर थकले होते आणि नवऱ्याची पहिलीच वेळ होती. मी त्याला नवरीसारखा सजवला. हलका हात, गुलाबी गाल, नाजूक काजळ. जवळून बघितलं तर दृष्ट लागावी असा दिसत होता. सासूबाई नेहमीप्रमाणे पार मागं, टेकाडावर बसलेल्या. अर्धं गाव तिथूनच बघतं. घरी आल्यावर मी विचारलं, “कशी दिसली देवी?”

“देवीला डोळंच न्हवतं गं,” त्या म्हणाल्या. “नुसती पांढरी भाकर दिसत हुती.”

तेव्हापासून मी शिकले. पुढच्या रांगेसाठी रंगवायचंच नाही. टेकाडावर बसलेल्या म्हातारीसाठी रंगवायचं. रंगाचा थर जाड द्यायचा आणि वरून पावडर दाबून बसवायची, नाहीतर घाम त्याला खाली ओढतो. त्याच्या भुवया दाट आहेत, त्या ओल्या साबणानं चोळून सपाट करायच्या, वर रंग चढवायचा आणि नव्या भुवया बोटभर उंच काढायच्या. काजळाची रेघ डोळ्याबाहेर काढून कानशिलाकडं न्यायची. नाक जरा बसकं आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी तपकिरी सावली आणि मधोमध उजळ पट्टा. गाल लालभडक, कारण अंधार पडल्यावर फोकसच्या पिवळ्या उजेडात लाल रंग अर्धा मरून जातो. जवळून बघाल तर सणाला रंगवलेली भिंत. पण टेकाडावरून बघितलं की अंगावर काटा येतो. ते डोळे तिथवर पोचतात. मी स्वतः वर जाऊन बघितलेलं आहे.

माझं खरं दुखणं मात्र रंगात नाही, आरशात आहे. मी रंगवत असते आणि तो समोरच्या आरशात स्वतःकडं बघत असतो. एखादी रेघ केसभर हलली तरी त्याला कळतं. “डावी भुवई जरा खाली आली का गं?” “हनुवटीखाली रंग तुटला बघ.” एवढं बारीक लक्ष. आणि हाच माणूस, मी केस खांद्यापर्यंत कापले ते त्याला शेजारणीकडून कळलं. चष्मा लागला तेव्हा म्हणाला, “तुला चष्मा हुता ना आधीपासून?” आरशातल्या त्या बाईकडं तो जसा बघतो, तसं त्यानं एकदा, एकदाच माझ्या तोंडाकडं बघावं, एवढंच माझं मागणं आहे. ते मिळालं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

एका वर्षीचं सांगते. देवीचे हात कोपरापर्यंत उघडे असतात, म्हणून जत्रेच्या सकाळी मी त्याच्या हातांचं वॅक्सिंग करते. नवऱ्या मुली ओठ चावून गप्प बसतात. हा मास्तर असा ओरडतो की शेजारचे येऊन डोकावतात. त्या वर्षी मी पट्टी ओढली आणि त्यानं हात असा झटकला की गरम मेणाचं भांडं उडालं. मेण माझ्या जबड्यावर, कानाच्या खाली पडलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले. आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द काय आला? “शालू! अगं, शालूला लागलं का बघ!” देवीचा शालू शेजारी घडी करून ठेवलेला होता. शालूला काही झालं नव्हतं. मी मोरीत जाऊन तोंडावर गार पाणी मारलं आणि येऊन त्याचा दुसरा हात केला. संध्याकाळी पदर गालावरून ओढून त्याची ओटी भरली. नंतर बरेच दिवस त्याचे पाय जमिनीवर नव्हते, गावभर कौतुक चाललं होतं. माझा पदर का ढळत नाही, हे विचारायला सवड कुणाला होती?

तो डाग राहिला. बोराएवढा, तपकिरी. रोज सकाळी मी त्याच्यावर आधी जरा नारिंगीकडं झुकणारा रंग टिपते, कारण तपकिरी डागावर नुसता कातडीचा रंग लावला तर तो राखाडी दिसतो. मग वरून माझा नेहमीचा रंग. गिऱ्हाइकांना कळत नाही. नवऱ्याला कळत नाही यात मात्र माझ्या मेकअपची काही कर्तबगारी नाही, कारण रात्री मी तोंड धुऊनच झोपते.

मागच्या थंडीत भंडारदऱ्याला एका मालिकेचं शूटिंग आलं. त्यांना जत्रेचा प्रसंग करायचा होता. कुणीतरी त्यांना मोबाईलवर आमच्या देवीचा व्हिडिओ दाखवला आणि झालं, मास्तरांना बोलावणं आलं. त्यानं शाळेतून रजा काढली, दाढी दोनदा घोटली आणि मला म्हणाला, “तू बी चल, मेकअपचं सामान घे.” मी पेटी भरली. मला वाटलं, चला, निदान तिथं तरी कुणी विचारेल की हा चेहरा कुणी घडवला.

धरणाच्या पाण्याच्या कडेला त्यांचे तंबू होते. मेकअपच्या तंबूत एक मुलगी होती, मुंबईची, माझ्याहून बरीच लहान. आखूड केस, कमरेला ब्रशांचा पट्टा. तिनं माझी पेटी बघून हसून मान हलवली आणि तिची तिची उघडली. मला एक प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मी बसले, पेटी मांडीवर घेऊन.

मग तिनं माझ्या नवऱ्याची हनुवटी दोन बोटांनी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “सर, वर बघा.”

सर वर बघायला लागले. मी ‘वर बघा’ म्हणते तेव्हा हा “लवकर आटप” म्हणतो.

“तुमची स्किन किती छान आहे, सर. काय लावता?”

“न्हाई हो, नुसतं पाणी,” सर म्हणाले. माझी कोरफडीची डबी दर महिन्याला कशी संपते हे मला त्याच क्षणी कळलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी डोळे तिच्या हातावरच होते. ती करत होती ते मी कधी बघितलं नव्हतं. थर नव्हताच. इवलासा रंग हाताच्या मागं घ्यायची, ओल्या स्पंजनं टिपायची, थांबायची, बघायची. जिथं गरज नाही तिथं कातडी तशीच उघडी सोडायची. भुवयांत एकेक केस काढल्यासारखी रेघ. कान रंगवले, मान रंगवली, हाताची बोटंसुद्धा तोंडाच्या रंगाला आणली. मध्येच मोबाईलवर फोटो काढायची. मी न राहवून विचारलं, कशाला? ती म्हणाली, याच प्रसंगाचा पुढचा भाग उद्या घेतला तर चेहरा तंतोतंत असाच लागतो, काजळ जरा जाड झालं तरी बघणाऱ्याला खटकतं. कॅमेरा इतका जवळ येतो, की चेहऱ्यावर रंग आहे हे कळलं तर काम फुकट गेलं म्हणायचं. पडद्यावर मेकअप असा हवा, की माणूस जन्मतःच असा आहे असं वाटावं.

मग तिनं आमच्या जत्रेचा व्हिडिओ परत बघितला आणि म्हणाली, “हे तुम्ही केलंय? मस्त आहे ताई. एवढ्या लांबून बघायचं तर असंच हवं. कॅमेऱ्यापुढं मात्र हे जाड वाटेल.”

नवऱ्यानं यातलं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. बाकीचं त्याच्या कानावरून गेलं.

तो साडी नेसायला दुसऱ्या तंबूत गेला तेव्हा ती ब्रश पुसत माझ्याकडं वळली. क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच्या कानाखाली बोट लावून विचारलं, “ताई, इथं भाजलं होतं का? छान कव्हर केलंय. मला अशीच सवय, म्हणून दिसलं.”

मी सकाळपासून तिचा राग राग करत होते. तिची ती दोन बोटं मोडावीत असं मनात येत होतं. आणि तिनं एका नजरेत ते बघितलं, जे माझ्या शेजारी झोपणाऱ्याला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. तिनं वाईट वागायला हवं होतं, म्हणजे मला बरं पडलं असतं. मी “हो, जुनं आहे,” म्हटलं आणि पेटीची कडी उगीच उघडली, लावली.

मालिकेत तो थोडाच वेळ दिसला. पण घरात ती मुलगी महिनोन्‌महिने दिसत राहिली. जेवताना ती, चहाला ती. “मॅडम म्हनल्या, थर देऊ नये.” “मॅडम म्हनल्या, माझं नाक बसकं न्हाई, उजेड वरून पडला की तसं वाटतं.” चैत्र जवळ आला तसा तो म्हणाला, “औंदा मॅडमसारखं करायचं. तू लई जाड थापतीस.”

“टेकाडावरच्यांना काय दिसणार?” मी विचारलं.

“टेकाड कशाला? औंदा पडदा लावनार हायत.”

ते खरं होतं. जत्रा कमिटीनं यंदा चौथऱ्याच्या समोर, मैदानाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी दिसणारा भला मोठा एलईडी पडदा आणला होता. कॅमेरावाला देवीच्या तोंडापुढं उभा राहणार आणि देवीचा चेहरा पडद्यावर घराएवढा दिसणार. म्हणजे यंदा एकाच वेळी स्टेजही होतं आणि पडदाही. अशा वेळी कुठला मेकअप करायचा हे मला कोर्सात कुणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, डोळे आपले जाडच ठेवू, बाकी पातळ करू. तो म्हणाला, “मॅडमनी केलं तसंच कर.”

मी केलं तसंच. आणि नीट केलं, राग धरून हात आखडला नाही, कारण देवीचं काम आहे. इवला इवला रंग टिपला, थांबले, बघितलं. कान, मान, बोटं, सगळं. शेवटची काजळाची रेघ ओढून मी मागं सरकले. समोर रंगवलेली भिंत नव्हती. खरोखरची बाई होती. माझ्याच वयाची, नितळ, कानाखाली डाग नसलेली. आजवर मी ज्या चेहऱ्याचा हेवा केला, तो लांबून दिसणाऱ्या देवीचा होता. ही तर शेजारच्या घरात राहायला यावी अशी होती.

ऊन कलतं झालं तशी देवी चौथऱ्यावर बसली. पडदा सुरू झाला. मैदानात बायकांचा एकच गलका झाला. मी ताट घेऊन पुढं झाले. नवी पैठणी नेसले होते, नथ घातली होती, पार्लर बंद करून तासभर स्वतःचं तोंड रंगवत बसले होते. यंदा पहिल्यांदाच मी स्वतःसाठी एवढा वेळ काढला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला टेकवलं आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. मागं पडदा होता. पडद्यावर तोच होता, घराएवढा.

मी खण-नारळ त्याच्या पदरात घातला, वाकले, पायावर डोकं ठेवलं आणि बाजूला झाले. मागची रांग पुढं सरकली. बायका हनुवटीला हात लावून बघत होत्या, फोटो काढत होत्या. “मेकअप कुनी केला ओ?” एकीनं विचारलं. सोंगात बोलायचं नसतं, तरी त्यानं ओठ हलवून सांगितलं, “शूटिंगच्या मॅडमनी शिकवलाय.” मी तिथंच होते, कुंकवाची कोयरी हातात घेऊन.

घरी आल्यावर सासूबाई दृष्टीच्या मिरच्या मोजून घेताना म्हणाल्या, “पडद्यावर झ्याक दिसली. पन मला पडद्यावर न्हाई बघायची देवी, देवळापुढं बघायची. तितं तर औंदा परत भाकरच हुती.” एरवी मला याचं हसू आलं असतं.

जत्रेनंतर काही दिवस त्याच्या डोळ्यांच्या कडांना काजळ राहतं, कितीही धुतलं तरी. तसाच शाळेत जातो, पोरं हसतात. पुढच्या रविवारी सकाळी तो पडवीत बसून मोबाईलवर स्वतःचे फोटो बघत होता. कुणीतरी पाठवलेले. एकेक मोठा करून बघत होता, भुवई, ओठ, नथीखालची सावली. मी अंघोळ करून आले होते, तोंडावर अजून काही लावलं नव्हतं.

“एवढी वर्षं मी तुमचा चेहरा केला,” मी म्हटलं. “आज तुम्ही माझा करा.”

“माझ्याच्यानं न्हाई जमायचं.”

“मॅडमनी शिकवलंय ना?”

हे मात्र त्याला लागलं. तो उठला, माझी पेटी घेऊन आला. मला पडवीच्या कडेला, उजेडाकडं तोंड करून बसवलं. हात धुतले. खोबरेल तेलाचा बोळा करून माझं तोंड हळूच पुसलं, तिनं त्याचं पुसलं होतं तसंच. मग दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाला, “वर बघ.”

मी वर बघितलं. पडवीच्या वाशांत चिमणीचं घरटं होतं. मी लाजले, या वयात. त्याचे हात खडूनं खरखरीत झालेले, पण हलके होते. त्यानं तोंड उजवीकडं वळवलं, बघितलं. डावीकडं वळवलं, बघितलं. आणि बोटं थांबली.

“हे काय गं?” तो म्हणाला. “कधी भाजलं?”

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो सोंग करत नव्हता. सोंग करताना तो कसा दिसतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? त्याला खरंच माहीत नव्हतं.

“जुनं आहे,” मी म्हटलं.

“मला सांगायचं न्हाईस व्हय.”

त्यानं हाताच्या मागं रंग घेतला. आधी नारिंगीकडं झुकणारा, मग माझा नेहमीचा. मला वाटलं होतं चुकेल. चुकला नाही. इवलासा घ्यायचा, टिपायचा, थांबायचा, बघायचा. खूप वेळ तो तेवढ्याच जागेवर होता. इतका वेळ तो माझ्याकडं कधीच बघत बसला नव्हता. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. मग त्यानं आरसा माझ्यापुढं धरला.

“बघ,” तो खुशीत म्हणाला. “गेला.”

खरंच गेला होता. मी रोज झाकते त्याहून सुरेख झाकला होता. डावी भुवई मनासारखी जमली की तो आरशात जसा हसतो, तसाच आता हसत होता, माझ्या कानाखालच्या त्या नितळ जागेकडं बघून.

मी तेलाचा बोळा उचलला आणि तेवढीच जागा पुसून काढली.

“अगं, पुसलंस का? चांगला झाकला हुता की!”

“राहू द्या तेवढा,” मी म्हटलं. “शालू वाचला ना, त्या वर्षीचा आहे.”

त्यानं आरसा खाली ठेवला.